लिंबानीची शून्यं

मला पुरळ दाखवू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण इथे आयर्लंडमधल्या नास गावात कुणाच्याही हळदीकुंकवाला नाहीतर वाढदिवसाला गेले की कोणीतरी मला बाजूला घेतं, बाही वर करतं आणि म्हणतं, "मावशी, तुम्ही आफ्रिकेत साथीच्या रोगांचं काम करायचात ना, हे काय आलंय बघा जरा." मी डॉक्टर नाही. नर्सही नाही. बारावी झालेली, मलेरिया ऑफिसातली माजी लिपिक आहे. तुमच्या एकटीच्या पुरळाचं मला काही कळत नाही. पण तेच पुरळ आणखी कोणाकोणाला आलंय, ती माणसं राहतात कुठे, पहिलं कोणाला आलं आणि कधी, एवढं सांगितलंत तर मी वही काढते.

हाच माझा धंदा. डॉक्टर एका माणसाला विचारतो, तुला काय होतंय. आम्ही अख्ख्या गावाला विचारतो.

मागच्या गणपतीत आपल्या मंडळाच्या जेवणानंतर निम्म्या लोकांची पोटं बिघडली, आठवत असेल. अध्यक्षांचा फोन आला, "मावशी, मसालेभातावर संशय आहे." मी म्हटलं, संशय बाजूला ठेवा, यादी द्या. एकेकाला फोन करून विचारलं, काय काय खाल्लं, त्रास झाला का, कधी झाला. आडव्या ओळीत माणसं, उभ्या रकान्यांत पदार्थ. मसालेभात खाऊन धडधाकट असलेले भरपूर निघाले. पण दहीवडे खाऊन धडधाकट राहिलेला एकही निघेना. दहीवडे माझे होते. सकाळी करून गाडीच्या बूटमध्ये, म्हणजे डिकीत, ठेवले होते, आयर्लंडमध्ये ऊन कुठे पडतंय या भरवशावर. नेमकं त्या दिवशी पडलं.

आमचे हे म्हणाले, "पदार्थाचं नाव लिही की. करणारीचं कशाला लिहितेस?"

मी दोन्ही लिहून ग्रुपवर टाकलं. त्यात माझं धैर्यबिर्य काही नाही. ही सवय मला लिंबानीने लावली. आपल्या मंडळाच्या या अंकाची संपादक सायली, डब्लिनला एमएस्सी करणारी गोड मुलगी, मला म्हणाली होती, "मावशी, सगळं करिअर नको हं, जागा नाही. एकच माणूस निवडा." म्हणून लिंबानी.

तो कोण, ते सांगण्याआधी मी तिथे कशी पोचले ते थोडक्यात सांगते. गावाकडे जिल्ह्याच्या मलेरिया ऑफिसात मी रक्ताच्या काचपट्ट्यांचं रजिस्टर लिहायचे. नाव, गाव, तारीख, निकाल. वर्षानुवर्षं नुसती नावं लिहिली की हळूहळू त्यातून गावं दिसायला लागतात. एकदा साहेबांना म्हटलं, "साहेब, या पंधरवड्यातले सगळे ताप एकाच पाड्यावरचे आहेत." ते म्हणाले, "बाई, तुम्ही फक्त लिहा." आणि दोन दिवसांनी गुपचूप जीप पाठवली पाड्यावर. मला काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून माझ्या टेबलाशी थांबून विचारायचे, "काय म्हणतंय रजिस्टर?" माझं शिक्षण ते एवढंच. बाकीचं डिक्शनरी शेजारी ठेवून इंग्रजी पुस्तकं वाचून.

मग ह्यांना इथल्या औषधाच्या प्लँटवर नोकरी लागली आणि मी आले. घरात बसून कंटाळा यायचा, म्हणून डब्लिनच्या सँट्री भागात एअरपोर्टजवळच्या एका छोट्या संस्थेत पाकिटं भरायला जायला लागले. त्यांचं काम मलावी देशात होतं. तिथल्या जिल्ह्यांतून आलेले तक्ते कोपऱ्यात ढिगाने पडलेले. पाकिटं भरता भरता मी ते वाचायचे. एक दिवस तिथल्या मॅनेजरला म्हटलं, "या केंद्रातला माणूस जुलाबाचे पेशंट पावसाळ्यातच मोजतो, उन्हाळ्यात रजेवर असतो का?" पाकिटांचं काम त्याच आठवड्यात सुटलं. पुढची कितीतरी वर्षं मी मलावीच्या फेऱ्या करत होते, एकेक फेरी तीन महिन्यांची.

तीन महिन्यांची, कारण आमचा कोर्सच तेवढा होता. फील्ड एपिडेमियॉलॉजी असं त्याचं भारदस्त नाव. मी त्याला माग काढणं म्हणते. साथ कुठून आली, कुठे चालली, कोणाला गाठते, याचा माग. पूर्वी काय व्हायचं, की कुठे साथ आली की राजधानीतून, नाहीतर परदेशातून मोठ्या गाड्या यायच्या, माणसं चार दिवस मोजमाप करायची, आणि धुरळा उडवत जायची. मागे गावात काही उरायचं नाही. आमचा हट्ट असा, की जो माणूस त्या केंद्रात आधीपासून नोकरीला आहे, ज्याला वस्तीवरच्या बाया नावाने ओळखतात, त्यालाच माग काढता यायला हवा. म्हणून कोर्स वर्गात कमी आणि त्याच्या त्याच्या केंद्रात जास्त. चार दिवस शिकवायचं, मग म्हणायचं, जा, आपलं रजिस्टर उघड, काय दिसतं ते घेऊन ये. मी गुरू नव्हते, पाठीशी उभी राहणारी म्हातारी होते. तिथे मला गोगो म्हणायचे. गोगो म्हणजे आजी.

आणि या गोगोचा एक मंत्र होता. कोरी जागा ठेवायची नाही.

त्याचं असं आहे. प्रत्येक केंद्राने दर शुक्रवारी दहा वाजेपर्यंत जिल्ह्याला कळवायचं, की या आठवड्यात गोवराचे किती, कॉलऱ्याचे किती, पोलिओसारखा लुळेपणा आलेलं मूल आहे का. बहुतेक आठवड्यांत काहीच नसतं. मग लोक कळवतच नाहीत. काहीच नाही तर काय कळवायचं? मी सांगायचे, नाही बाबांनो. शून्य ही बातमी आहे. शून्य म्हणजे मी पाहिलं आणि सापडलं नाही. कोरी चौकट म्हणजे मी पाहिलं की नाही तेच कळत नाही. शून्य लिहा. इतक्यांदा सांगायचे, की पोरं माझी नक्कल करायची, साडीचा पदर खोचल्यासारखं करून, बोट नाचवत, "झीरो इज न्यूज, माय डियर."

त्या पोरांत लिंबानी होता. पोरगा म्हणते, पण चाळिशीचा होता. सरोवराकाठच्या एका केंद्रात आरोग्य सहायक. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, अक्षर असं की लग्नपत्रिका लिहून घ्यावी. त्याचा रिपोर्ट शुक्रवारी दहाच्या ठोक्याला यायचा. फॉर्मचा फोटो, स्वच्छ, सरळ, सगळ्या चौकटींत गोल गोल शून्यं, खाली सही. एकही शुक्रवार चुकला नाही. मी भर वर्गात त्याचं कौतुक केलं. बाकीचे त्याला चिडवायचे, "हा बघा, गोगोचा लाडका नातू." तो लाजायचा, पण पेनं सारखी करायचा.

मी ठरवलं, याच्या केंद्रावर जायचं, फाइलचे फोटो काढायचे आणि सगळ्या जिल्ह्याला दाखवायचे. गेले एका गुरुवारी. त्याच्या बायकोने एन्सिमा करून पाठवलेलं, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि बरोबर वाळवलेले छोटे मासे. मी मासे खाते हे त्याने लक्षात ठेवलं होतं. जेवलो. मग म्हटलं, "आण तुझी फाइल."

फाइल सुंदर. एकेक पान उलटत गेले. मागचा शुक्रवार. मग उद्याचा शुक्रवार, भरलेला. उलटलं. त्यानंतरचा शुक्रवार, भरलेला. सही सुद्धा. पुढे, पुढे, वर्षाच्या शेवटापर्यंत सगळी पानं भरलेली. सगळीकडे ती गोल गोल शून्यं.

मला आधी वाटलं, मीच तारखा चुकतेय. चष्मा पुसला.

"लिंबानी, हे काय?"

तो अगदी हसऱ्या चेहऱ्याने म्हणाला, "शुक्रवारी मी सायकलवरून वस्त्यांवर लसीकरणाला जातो, गोगो. उशीर होईल अशी भीती वाटायची. म्हणून सगळे आधीच भरून ठेवले. फोटोही काढून ठेवलेत." फोन काढून दाखवलेही. ओळीने शुक्रवार. "दहा वाजले की जिथे असेन तिथून पाठवतो. कोरी जागा नाही."

"आणि रोगी आला तर?"

"तर खोडून आकडा लिहायचा," तो म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याचं हसू गेलं. कारण खोडायला आधी पाहावं लागतं. पेशंटचं मोठं रजिस्टर शेजारच्या खोलीत, नर्सबाईंकडे असायचं. ते शुक्रवारी चाळायचं आणि मग आकडा लिहायचा, अशी पद्धत. फॉर्म आधीच भरलेला, मग रजिस्टर चाळायची आठवण कोण करून देणार?

मी तेव्हा हसले असते. खरं सांगते, अशी चूक फक्त आमच्या कामात, आणि तीही अत्यंत गुणी माणसाच्याच हातून होते. आळशी माणूस कधी वर्षभराचे फॉर्म आगाऊ भरणार नाही. पण आम्ही दोघं उठलो, शेजारच्या खोलीतून ते रजिस्टर आणलं, आणि मागे जायला लागलो. तो वाचायचा, मी लिहायचे. ताप. खोकला. ताप आणि अंगावर पुरळ. मूल, वय तीन. पुढच्या पानावर पुन्हा ताप आणि पुरळ. डोळे लाल. मूल, वय पाच. नर्सबाईंनी सगळं लिहिलेलं होतं. पाच आठवड्यांत नऊ मुलं, आणि गावाच्या रकान्यात नऊही वेळा एकच नाव.

"ही वस्ती माझ्या लसीकरणाच्या यादीत नाही," लिंबानी हळू आवाजात म्हणाला. मासेमारांची वस्ती होती ती, माशांच्या मागे किनाऱ्याने सरकणारी, बोरूच्या झोपड्यांची. यादी झाली तेव्हा ती तिथे नव्हतीच. "गोगो, हा गोवर आहे."

दुपारीच निघालो. वस्तीवर मासे विकणारी एक बाई होती, तिने झोपडी झोपडी बोटाने दाखवून सांगितलं, कोणाला आधी आलं, कोणाला नंतर. आमच्यापेक्षा तिचाच माग पक्का होता. आणखी सहा मुलं सापडली. रक्ताचे नमुने राजधानीला गेले, गोवरच ठरला, चार दिवसांत लस आली आणि लिंबानीने स्वतः एकही मूल सोडलं नाही. साथ तिथेच थांबली. कोणी दगावलं नाही, हे माझ्या देवाचे उपकार. पण एका चार वर्षांच्या मुलीचा कान फुटला आणि त्या कानाने तिला ऐकू येईनासं झालं. पहिल्या आठवड्यात कळलं असतं तर तिच्यापर्यंत गोवर पोचलाच नसता. हे मी कोणाला सहसा सांगत नाही.

आता खरी पंचाईत पुढे. कोर्सच्या शेवटी प्रत्येकाने आपला माग सगळ्या जिल्ह्यासमोर सांगायचा. समोर जिल्ह्याच्या मुख्य अधिकारी फिरी बाई. उंच, शांत, कधी हसताना पाहिलं नाही त्यांना. लिंबानीची नोकरी त्यांच्या एका सहीवर होती. खोटा रिपोर्ट पाठवला, एवढे तीन शब्द पुरेसे होते. घरी बायको, तीन मुलं, म्हातारी आई. आणि ते शब्द खरे होते.

मी त्याच्या सादरीकरणाच्या तयारीला बसले त्याच्याबरोबर. मुलं किती, कुठली, कधी, लस किती, सगळं सुरेख मांडलं. शेवटी एक चौकट असते, साथ कळायला उशीर का झाला. मी ती सोडून दिली.

तो म्हणाला, "गोगो, इथे काय लिहायचं?"

"राहू दे ते."

"कोरं?"

"वेळ कमी असतो. कोणी विचारत नाही. विचारलंच तर वस्ती फिरती आहे म्हणून सांग. खोटं नाही ते."

त्याने दोन्ही पेनं टेबलावर सारखी केली, पुन्हा खिशात ठेवली. मला वाटलं, समजला. मलाही हलकं वाटलं. त्याला वाचवलं म्हणून वाटलं, की स्वतःला, ते तेव्हा तपासून पाहिलं नाही. मंत्र तर माझाच होता ना. शून्य लिहा, शून्य लिहा. 'पाहा' हे मी किती वेळा म्हटलं, आणि 'लिहा' किती वेळा, याचा हिशेब त्या फाइलमध्येच होता.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला. लिंबानी उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट. बोलला छान. शेवटची चौकट पडद्यावर आली, आणि ती कोरी नव्हती. त्याच्या लग्नपत्रिकेच्या अक्षरात लिहून, फोटो काढून लावलेलं होतं, 'मी शून्यं आगाऊ भरून ठेवली होती. रजिस्टर पाहिलं नाही.'

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग बाईंकडे वळून म्हणाला, "मॅडम, आमच्या गोगोंनी शिकवलंय, कोरी जागा म्हणजे पाहिलं की नाही तेच कळत नाही. मी पाहिलं नव्हतं. ते कळायला हवं."

मी पदर डोळ्याला लावला नाही. पदराचा एक काठ बोटाभोवती गुंडाळत बसले. मग उठले. म्हटलं, "ती चौकट मी काल कोरी ठेवायला सांगितली होती. तेही लिहून घ्या."

फिरी बाईंनी चष्मा काढला. त्या लिंबानीशी बोलल्याच नाहीत. हॉलकडे वळल्या आणि नेहमीच्या थंड आवाजात विचारलं, "उद्याचा फॉर्म आजच भरलेला आहे, असं आणखी कोण आहे इथे?"

मागच्या रांगेत एक हात वर आला. मग खिडकीजवळ एक. मग असे एकेक करत इतके वर आले, की मी मोजायचं थांबवलं, आणि मोजणं हा माझा धंदा आहे. सगळ्यांची सगळी शून्यं वेळेवर होती. सगळी माझी पोरं.

"बसा, मिस्टर लिंबानी," फिरी बाई म्हणाल्या. "तुमच्यावरची कारवाई अशी, की पुढच्या तुकडीला तुम्ही हे शिकवायचं." आणि मग माझ्याकडे पाहून, "तुम्हीही या, गोगो. ऐकायला."

त्या हसल्या की नाही, ते आजही सांगता येणार नाही मला. पण त्या आठवड्यापासून त्या जिल्ह्याच्या फॉर्मवर शून्याशेजारी एक नवी ओळ आली, कुठे कुठे पाहिलं. ती कोणाला आगाऊ भरता येत नाही. भरली तरी पुढच्या वेळी नर्सबाई सांगतात, हा इकडे आलाच नव्हता. ती ओळ ना सँट्रीच्या ऑफिसने सुचवली, ना कुठल्या पुस्तकाने. ती त्या हॉलमध्ये वर झालेल्या हातांतून आली.

त्याला बरीच वर्षं झाली. माझे गुडघे गेले, फेऱ्या थांबल्या. लिंबानी आता आपलं केंद्र सांभाळून बाकीच्या केंद्रांवर जाऊन शिकवतो, आणि त्याचे शिष्य त्याची नक्कल करतात म्हणे, दोन पेनं सारखी करण्याची. ती कान गेलेली मुलगी शाळेत पहिल्या बाकावर बसते, ऐकू येणारा कान बाईंकडे करून. हेही त्यानेच कळवलं. दर वर्षी कळवतो. मी विचारत नाही, तरी ती चौकट तो कोरी सोडत नाही.

आणि दर शुक्रवारी त्याचा मला मेसेज येतो. जिल्ह्याला पाठवतो तोच, मला फुकटची प्रत. तिथले दहा म्हणजे आमचे नऊ, थंडीत आठ. 'शून्य. पाहिलं, पेशंटचं रजिस्टर, शाळा, मासळीबाजार.' तो वाचला की मी चहाचा दुसरा कप घेते. माझी नात मराठी सगळं समजते पण बोलते इथल्यासारखं. शुक्रवारी शाळेत जाताना विचारते, "आज्जी, डिड युअर मॅन टेक्स्ट?" म्हणजे त्या गड्याचा मेसेज आला का. मी म्हणते, आला. ती म्हणते, "ग्रँड," म्हणजे झकास, आणि जाते.

मागच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी मेसेज आला नाही. नऊ वाजले, साडेनऊ. मी फोन उलटा करून ठेवला, पुन्हा सुलटा केला. दहा. आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "त्याला रजाबिजा असू शकते की."

"रजेवर असला तर रजेवर आहे म्हणून लिहितो तो."

साडेदहाला फोन वाजला. मेसेज होता. 'दोन. ताप आणि पुरळ. आज सकाळीच आलेत, लगेच कळलं. माणसं निघाली, मीही निघालोय. फोन करू नका, गोगो.'

मी तो तीनदा वाचला. माझं बोट फोनच्या बटणावर गेलेलं होतं, विचारायला, की मुलं कुठली, वयं काय, नमुने घेतले का, वस्ती यादीत आहे का. सगळे प्रश्न मीच शिकवलेले. त्याला पाठ असलेले.

"काय गं, काय म्हणतोय?" ह्यांनी विचारलं.

"दोन म्हणतोय."

"अरे देवा. मग लाव ना फोन."

मी फोन प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, ठेवला, कपांच्या मागे, आणि प्रेसचं दार लावून घेतलं. म्हटलं, "बूट घाला. कालव्यापर्यंत जाऊन येऊ."